हीट नंबर कुठं हरवतो? संरक्षण उत्पादनातली पुरवठादारांची जोखीम, सोप्या भाषेत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये सकाळी गेलात, तर आधी बँडसॉचा आवाज कानावर येतो. पोलादाचा बार कापणं चाललेलं असतं. त्या बारच्या एका टोकाला रंग मारलेला असतो आणि त्याच टोकाजवळ काही आकडे पंच केलेले असतात. हा हीट नंबर. पोलाद कारखान्यात ज्या वितळणीतून तो बार निघाला, तिचा हा क्रमांक. मटेरियलच्या टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, हाच नंबर असतो आणि त्याच्यापुढे कार्बन किती, निकेल किती, क्रोमियम किती, किती ताण सोसला, हे सगळं छापलेलं असतं.

जुना कामगार नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो, रंगाच्या टोकाकडून कापायचं नाही, उलट्या टोकाकडून कापत यायचं. म्हणजे शेवटचा तुकडा उरेपर्यंत बारची ओळख त्याच्या अंगावर राहते. घाईत कुणी रंगाकडून सुरुवात केली, की पहिल्याच तुकड्याबरोबर नंबर निघून जातो आणि रॅकवर राहतो तो बेवारस बार. ईएन-8 आणि ईएन-24 या दोन जातींच्या पोलादाचे बार शेजारी ठेवले, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकात निकेल-क्रोमियम आहे, दुसऱ्यात नाही. एक दणका सोसेल, दुसरा तुटेल.

शेतीच्या अवजाराची पिन असेल तर बेवारस बारसुद्धा कुठंतरी खपतो. तोफेच्या किंवा विमानाच्या भागाला तो चालत नाही. भाग मापात बरोबर असला, दिसायला देखणा असला, तरी तो कुठल्या वितळणीतला हे सांगता आलं नाही तर सगळा लॉट बाजूला काढावा लागतो. पुरवठादाराची जोखीम हा मोठा शब्द ऐकला की मला आधी तो रंग मारलेला बारच आठवतो.

बेळगावला हा विषय आता परका राहिलेला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथंच सायकलचं दुकान काढलं, तेव्हापासून या गावाला लोखंडाचा लळा आहे. उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या फाउंड्रीज आणि मशिन शॉप्स, हायड्रॉलिक्सची परंपरा, आणि हत्तरगीला एक्वसचं विमानाच्या सुट्या भागांचं आख्खं संकुल. पंपाचं आणि मोटारीचं काम करत आलेल्या अनेक मालकांना आता संरक्षणाचं काम खुणावतंय. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या खरेदी विभागातल्या तरुणांसाठी हे लिहितोय.

साखळीच्या शेवटच्या कडीला

विमान बनवणारी कंपनी विमानातलं सगळं स्वतः बनवत नाही. ती मोठे जोड दुसऱ्याकडून घेते. तो दुसरा त्यातले भाग तिसऱ्याकडून मशिनिंग करून घेतो. तिसरा हीट ट्रीटमेंटला, म्हणजे तापवून-थंड करून पोलादाला हवा तो कणखरपणा आणायला, चौथ्याकडे पाठवतो आणि पाचव्याकडून बार विकत घेतो. करारावर सही फक्त पहिल्या दोघांची. खालच्या तिघांचं नावसुद्धा वरच्याला माहीत नसतं, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथंच होतो.

अमेरिकेचं एफ-35 हे लढाऊ विमान घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने नव्या विमानांची डिलिव्हरी काही आठवडे थांबवली. कारण होतं एक लोहचुंबक. इंजिन सुरू करायला आणि विमानाला वीज पुरवायला मदत करणाऱ्या टर्बोमशीनमध्ये तो बसवलेला होता आणि त्यातला कोबाल्ट-समेरियमचा मिश्रधातू चीनमधून आलेला निघाला. अमेरिकेच्या कायद्यात ते बसत नव्हतं. विमानाला त्यामुळे काही धोका नव्हता, म्हणून पुढच्याच महिन्यात खास सूट देऊन डिलिव्हरी सुरू झाली. पण एवढ्या ताकदीच्या खरेदीदारालाही आपल्या चुंबकाचं मूळ गाव विमानं तयार झाल्यावर कळलं.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. धनुष तोफेसाठी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीला पुरवलेले बेअरिंग जर्मनीचे म्हणून दाखवले गेले, पण ते चिनी बनावटीचे होते, असा आरोप ठेवून सीबीआयने 2017 मध्ये दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. बॅरलही नाही, ब्रीचही नाही, बेअरिंग.

यातून खरेदीवाल्यांची एक जुनी सवय मोडायला हवी. आपण महागड्या वस्तूंवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो आणि स्वस्त वस्तू स्टोअरकीपरच्या भरवशावर सोडतो. ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, काही रुपयांची असते, पण ती फुटली तर हायड्रॉलिक लाइन रिकामी होते. भागाची किंमत किती यावरून जोखीम ठरत नाही. तो भाग बिघडला तर काय होईल, यावरून ठरते.

कागद खोटा असेल तर

फाउंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाने एक प्रकरण माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टाकोमा नावाचं शहर आहे. तिथली एक फाउंड्री अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादाची कास्टिंग ओतायची. पाणबुडीचं पोलाद थंडीत ठिसूळ होऊन चालत नाही. म्हणून त्याचा छोटा नमुना उणे 73 अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्यावर हातोड्याचा ठोका देतात आणि तो तुटताना किती ऊर्जा शोषतो ते मोजतात. या फाउंड्रीतली मेटलर्जिस्ट 1985 पासून 2017 पर्यंत नापास आकडे पास करून लिहीत राहिली. 240 हून जास्त वेळा. तिला त्या तापमानाची चाचणीच मुळात अनावश्यक वाटत होती, असं चौकशीत पुढं आलं. 2017 मध्ये प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याला टेस्ट कार्डांवरचे आकडे बदललेले दिसले, तेव्हा हे उघडं पडलं. कंपनीने 2020 मध्ये जवळपास 1 कोटी 9 लाख डॉलर भरले आणि 2022 मध्ये त्या मेटलर्जिस्टला अडीच वर्षांची कैद झाली.

एकही पाणबुडी फुटली नाही. तरी नौदलाला त्या पाणबुड्यांची जास्तीची तपासणी आणि देखभाल करत बसावं लागलं, कारण कुठलं कास्टिंग खरं आणि कुठलं खोटं हे बाहेरून सांगता येत नाही.

बत्तीस वर्षं कुणालाच कसं कळलं नाही, हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाचणी करणारा, आकडा लिहिणारा आणि सही करणारा माणूस एकाच बाजूचा असला, की पकडणार कोण? म्हणून टीसी आली की फाइलला लावली, एवढ्यावर थांबू नका. अधूनमधून, आधी न सांगता, एखाद्या लॉटचा तुकडा बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत कुठला घटक किती याची तपासणी, करून घ्या आणि टीसीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. व्यापाऱ्याकडून बार घेतला असेल, तर टीसीवरच्या हीट नंबरची थेट पोलाद कारखान्याकडून खातरजमा करून घ्या. आणखी एक गोष्ट बघायची. वेगवेगळ्या हीटच्या टीसींवर दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा हुबेहूब सारखे असतील तर सावध व्हा. कुठल्याही दोन वितळणी इतक्या सारख्या निघत नाहीत, हे भट्टीवर उभा राहिलेला कुणीही सांगेल.

माल आलाच नाही तर

हा जोखमीचा दुसरा चेहरा. माल चांगला आहे, माणूस प्रामाणिक आहे, पण माल येत नाही.

तेजस मार्क-1ए चं उदाहरण ताजं आहे. 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला. त्यांच्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्याच वर्षी जीई कंपनीला 99 एफ-404 इंजिनांची ऑर्डर दिली. पहिलं इंजिन मार्च 2025 मध्ये हाती आलं. एवढा उशीर का? जीईने आधीची 65 इंजिनं 2016 पर्यंत देऊन टाकली होती. पुढं मागणी नव्हती, म्हणून ती उत्पादन लाइन बंद झाली. पाच वर्षांनी ऑर्डर आली तेव्हा लाइनच नव्हे, तिला माल देणाऱ्या बाकीच्या कंपन्याही पुन्हा जागवाव्या लागल्या. ऑर्डरमध्ये पाच वर्षांचा खंड पडला की पुरवठादार आपल्यासाठी हात जोडून थांबत नाही. त्याचे कामगार दुसरीकडे जातात, फिक्श्चर गंजतात.

हे मोजायची एक सोपी रीत आहे. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी ती मांडली आणि फोर्ड कंपनीने वापरली. प्रत्येक पुरवठादारासमोर दोन आकडे लिहायचे. उद्या तो बंद पडला, तर तो पुन्हा उभा राहायला किंवा दुसरा तयार व्हायला किती दिवस लागतील? आणि तो नसताना आपल्याकडच्या साठ्यावर आपण किती दिवस तग धरू? तग धरायचे दिवस कमी आणि सावरायचे दिवस जास्त असतील, तर तिथं खड्डा आहे. पुरवठादार मोठा की छोटा, महाग की स्वस्त, हे या हिशोबात येतच नाही.

संरक्षणाच्या कामात सावरायचे दिवस फार लांबतात, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. एक कास्टिंग घ्या. फाउंड्री बंद पडली तर दुसरी सापडेल, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्रींची वाण नाही. पण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना, कुणाच्या ताब्यात आहे? पैसे खरेदीदाराने दिलेले, मालकी खरेदीदाराची, आणि पॅटर्न पडलाय जुन्या फाउंड्रीच्या माळ्यावर. त्या फाउंड्रीवर बँकेची जप्ती आली, तर कुलपाच्या आत आपलाही पॅटर्न अडकतो. तो मिळाला तरी नव्या फाउंड्रीने नमुने ओतायचे, एक्स-रे काढायचा, पहिल्या नगाची सगळी मापं ड्रॉइंगशी एकेक करून जुळवायची, डीजीक्यूएसारख्या तपासणी संस्थेची मान्यता घ्यायची. महिने जातात. म्हणून पॅटर्नवर आपल्या नावाचं पत्र्याचं लेबल ठोका, तो कुठं आहे याची वर्षाला प्रत्यक्ष मोजणी करा आणि मालकीचं पत्र फाउंड्रीच्या सहीनिशी फाइलला ठेवा.

दुसरा पुरवठादार तयार ठेवा, असा सल्ला सगळेच देतात. तो बरोबर आहे, पण अर्धा. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूरू वाहतूक ठप्प झाली. ज्यांचे दोन्ही पुरवठादार पंचगंगेच्या पलीकडे होते, त्यांच्यासाठी ते दोघे त्या दिवसांत एकच होते. कोरोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर आणि शिनोळीच्या वाटेवर माणसं अडली. चंदगडहून रोज बेळगावला कामाला येणारा टर्नर घरी बसला आणि इथलं मशिन बंद राहिलं. आपल्या भागात राज्याची हद्द घर आणि कारखाना यांच्या मधून जाते. त्यामुळे पुरवठादाराचे कामगार कुठून येतात, हा प्रश्न सीमाभागात तरी विचारलाच पाहिजे. तसंच दोन वेगळी मशिन शॉप्स एकाच हीट ट्रीटमेंटवाल्याकडे माल पाठवत असतील, तर नावं दोन आणि भट्टी एकच.

गुण द्यायचे कसे

बहुतेक कंपन्या जोखमीला गुण देतात. बिघाड झाला तर परिणाम किती वाईट, तो होण्याची शक्यता किती, आणि बाहेर जाण्याआधी तो न सापडण्याची शक्यता किती. तिन्हींना एक ते दहा गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा. ऐकायला छान आहे. आता वरची ओ-रिंग घ्या. परिणाम 9, शक्यता 2, न सापडणं 4, गुणाकार 72. आणि खोके उशिरा येणं? परिणाम 4, शक्यता 6, न सापडणं 3, गुणाकार तोही 72. कागदावर दोन्ही एकाच पायरीवर. एकात पायलटचा जीव आहे, दुसऱ्यात डिस्पॅच दोन दिवस पुढं जातो. ही गफलत ओळखूनच वाहन उद्योगाच्या अमेरिकी आणि जर्मन संघटनांनी 2019 च्या संयुक्त पुस्तिकेत हा गुणाकार बाजूला ठेवला आणि परिणामाच्या गंभीरतेला पहिला मान दिला. तुम्हीही तसंच करा. परिणामाचे गुण नऊ किंवा दहा असतील, तर बाकीचे आकडे कितीही लहान असोत, तो भाग यादीत वर.

प्रश्नावली भरून घेणं मला फारसं कामाचं वाटत नाही. प्रत्येक चौकटीत ‘होय’ लिहून येतं. त्यापेक्षा जागेवर जा. मायक्रोमीटरवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर बघा, तारीख उलटून गेलीय का. लाल रंगाचा रिजेक्शनचा डबा बघा. तो गच्च भरलेला असेल तर काळजी आहेच, पण अगदी स्वच्छ, कोरडा असेल तर जास्त. कुठल्याही शॉपमध्ये काही ना काही रिजेक्ट होतंच, मग इथला माल जातो कुठं? जुने कामगार दिसतात का, पगार वेळेवर होतो का, हे चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत कळतं.

एक गोष्ट उभ्या उभ्या सांगून टाकतो. ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. संरक्षणाच्या भागाचं ड्रॉइंग जॉबवर्कवाल्याच्या मोबाइलमध्ये, लग्नाच्या फोटोंच्या मधोमध पडलेलं मी पाहिलंय. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला दुसरी सोय कुणी दिलीच नव्हती. नंबर टाकलेली छापील प्रत द्या, काम झालं की मोजून परत घ्या. रिव्हिजन बदलली की जुनी प्रत आधी हातात घ्या आणि मगच नवी द्या. चोरी तर टळतेच, जुन्या मापाने माल बनणंही टळतं.

क्रेट वेगळा होता

आता माझ्या स्वतःच्या कामातली गोष्ट. मी ज्या कारखान्यात क्वालिटी बघायचो, तिथं ईएन-24 च्या पिनांचा एक लॉट हीट ट्रीटमेंट होऊन आला. हार्डनेस बरोबर. टीसी बरोबर. पण माल निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये होता. हा पुरवठादार वर्षानुवर्षं गोणपाटात गुंडाळून, तार बांधून माल पाठवायचा. मी फोन केला.

“क्रेट कुणाचा आहे हो हा?”

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “आमची भट्टी बंद हाय ओ साहेब. तुमचा माल अडकू नये म्हणून दुसरीकडं करून आणलो.”

“मग सांगायचं की नाही?”

“सांगितलो असतो तर तुम्ही काम काढून घेतला असता.”

हार्डनेस बरोबर असताना मी लॉट का थांबवला, हे समजून घेण्यासारखं आहे. हार्डनेस मशीनचा ठसा पृष्ठभागावर पडतो. ईएन-24 साधारण 830 ते 850 अंशांना तापवून तेलात बुडवतात आणि मग पुन्हा कमी तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. भट्टीच्या एका कोपऱ्यात तापमान कमी भरलं, तर तिथल्या पिना आतून वेगळ्या निघतात. वरून काही दिसत नाही. असल्या कामांना ‘स्पेशल प्रोसेस’ म्हणतात. हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग ही ती कामं. तयार वस्तू न तोडता त्यांची पुरती खात्री करता येत नाही, म्हणून वस्तूपेक्षा भट्टीलाच मान्यता द्यावी लागते. विमानाच्या कामात नॅडकॅपचं प्रमाणपत्र त्यासाठीच असतं. भट्टीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत तापमान मोजणारे थर्मोकपल लावून तापमान सगळीकडे सारखं आहे का, हे ठरावीक मुदतीने तपासायची अटही त्यासाठीच असते. ज्या भट्टीत आमच्या पिना गेल्या, तिची अशी तपासणी आमच्या नोंदीत नव्हती. पिना कापून आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावी लागली. अकरा दिवस गेले. पिना चांगल्या निघाल्या, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी राग आला. पण राग त्याच्यावर धरण्यासारखा नव्हता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

मी त्याच्या शेडमध्ये गेलो. भट्टी उघडून ठेवली होती, हीटिंग कॉइल गेलेली. नवी आणायला पैसे नव्हते. आमच्याच कारखान्याकडून त्याची चार महिन्यांची बिलं थकली होती. म्हणजे भट्टी बंद ठेवली आम्ही, आणि ती बंद आहे हे लपवायची वेळही त्याच्यावर आम्हीच आणली.

एमएसएमई विकास कायदा 2006 सांगतो की सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2024-25 या आकारणी वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की या मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. बिलं लवकर वटवून घ्यायला ट्रेड्सचा ऑनलाइन मंचही आहे. कायदा पुरवठादाराच्या बाजूने उभा आहे, पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार करणारे थोडे. म्हणून जोखमीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवायला लावला. या पुरवठादाराचं आपल्याकडे किती येणं आहे आणि किती दिवसांचं? हा आकडा अकाउंट्सकडे तयार असतो, बाहेर शोधायला जावं लागत नाही. साठ दिवस ओलांडले की ते नाव लाल.

त्याची बिलं आम्ही दोन हप्त्यांत चुकती केली. करारात एक कलम घातलं, की भट्टी, जागा, कच्चा माल किंवा बाहेरचा जॉबवर्कवाला बदलायचा असेल तर आधी कळवायचं, आणि कळवलं म्हणून काम काढून घेतलं जाणार नाही. दुसरा वाक्यखंड घालायला आमच्या खरेदी विभागाशी मला बराच वाद घालावा लागला. निळ्या क्रेटवाल्याची भट्टीही आम्ही रीतसर तपासून मान्य करून घेतली.

पुढच्या पावसाळ्याआधी त्याचा स्वतःहून फोन आला. “साहेब, पंधरा तारखेपासून आठ दिवस भट्टी दुरुस्तीला काढूलालोय. तुमचा लॉट त्या दुसऱ्या भट्टीला पाठवू काय?”

“हीट नंबर पंच करून ठेवलाय ना प्रत्येक गठ्ठ्यावर?”

“हो की. आधी ते केलो, मगच फोन लावलो.”